गंज चढवणारे मिस्त्री

'चकाचक' हा शब्द ज्यानं तोंडातून काढला, त्याचं काम मिस्त्री घेत नसत. वस्तू त्याच्या हातात परत ठेवायची, दाराकडे बोट दाखवायचं आणि वर सुनवायचं, "चकाचक पाहिजे तर भांड्यांच्या दुकानात जा. इथं लोखंडाचं काम होतं." पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीतले गृहस्थ एकदा आजोबांची तलवार घेऊन आले होते. शिकलेले, बोलायला गोड. तलवार टेबलावर ठेवून म्हणाले, "हॉलमध्ये लावायचीय, एकदम चकाचक करून द्या." झालं. पुढची दहा मिनिटं मिस्त्रींच्या तोंडाचा पट्टा असा सुटला की शेजारच्या पंक्चरवाल्यानं हातातली ट्यूब खाली ठेवली. असा नातू मागे ठेवून गेल्याबद्दल त्या आजोबांचाही उद्धार झाला. गृहस्थ तलवार काखेत मारून निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, "वेडा आहे का हो हा माणूस?"

मी म्हणालो, "हो."

तेव्हा मी हसत म्हणालो होतो. आता मिस्त्रींची आठवण आली की हसू येत नाही, डोकं तापतं. कुणाकुणाच्या नावानं तापतं ते पुढे येईलच.

काळेवाडीत एका गल्लीच्या टोकाला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. "ज्याला गरज आहे तो शोधत येतो," असं त्यांचं म्हणणं. परवान्याच्या बंदुका, रायफली, जुन्या तलवारी, कट्यारी यांच्या धातूवरचं काम ते करत. तरुणपणी पुण्यात लष्कर भागातल्या एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याकडे ते हे शिकले होते. सरकारचा दुरुस्तीचा परवाना त्यांच्याकडे होता आणि तो काचेच्या चौकटीत, देवाच्या जागी लावलेला होता. देव कुठंच नव्हता.

त्यांची पद्धत पहिल्यांदा बघणाऱ्याला उलटीच वाटायची. जुन्या बंदुकीवरचा गंज काढायला माणूस त्यांच्याकडे यायचा आणि हे तिच्यावर नवा गंज चढवायचे. आधी जुना, खात सुटलेला गंज तेल लावून, हलक्या हातानं, दिवसेंदिवस उतरवायचा. मग नळी सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन अशी कोरडी करायची की बोटाचा डागसुद्धा राहू नये. मग पातळ तेजाबाचा बोळा एकदाच फिरवायचा आणि ती नळी एका लाकडी कपाटात टांगून ठेवायची. कपाटात खाली ओलं पोतं. दुसऱ्या दिवशी नळीवर तांबूस, बारीक गंजाची लव आलेली असे. तशीच ती उकळत्या पाण्यात सोडायची. तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा पडे. मऊ तारेच्या ब्रशनं वरचं मोकळं झालेलं झाडून टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे आठ-नऊ हात झाले की लोखंडाला असा निळसर काळा रंग यायचा की त्यात बघत राहावं. तो रंग वर लावलेला नसतो, लोखंडाचाच झालेला असतो. त्याच्यावर पुन्हा गंज सहसा धरत नाही. "बाहेरचा गंज खातो, आपण चढवलेला राखतो," असं मिस्त्री म्हणायचे.

उकळायला महापालिकेचं पाणी चालत नसे, त्यानं डाग पडतात. पत्र्यावरून पडलेलं पावसाचं पाणी पाच पिंपांत साठवलेलं असे आणि त्या पिंपांची झाकणं उघडणाऱ्याची खैर नसे. डोक्याला तेल लावलेल्या माणसाला टेबलाजवळ यायला बंदी. हात बेसनानं धुतल्याशिवाय कुणी वस्तूला शिवायचं नाही, मग तो वस्तूचा मालक का असेना. मी रविवारी जायचो, तर आधी नळाखाली उभा करायचे. "चाकण, हात दाखव." मी चाकणजवळच्या गावचा, म्हणून मी 'चाकण'. त्यांनी कुणालाच नावानं हाक मारली नाही. तळेगावचा तो 'तळेगाव', खेडचा तो 'खेड'.

माझी त्यांची ओळख कंपनीतली. भोसरीत एका कारखान्यात ते प्लेटिंग खात्याचे फोरमन होते आणि मी त्यांच्या हाताखाली. एकदा त्यांनी ब्रॅकेटचा अख्खा लॉट नापास केला. कोटिंगला फोड आले होते, आंधळ्यालाही बोटानं कळले असते. पण संध्याकाळी टेम्पो लागणार होता. मॅनेजरनं लाल चिठ्ठ्या काढून हिरव्या लावल्या आणि तपासणीचा कागद मिस्त्रींपुढे धरला. "एक सही तर करायचीय, मिस्त्री." मिस्त्रींनी कागद घेतला, सहीच्या जागी मोठ्या अक्षरात 'हा माल खराब आहे हे मला माहीत आहे' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. "घ्या. तुम्हाला सहीच पाहिजे होती ना?" मग ते गेटवर जाऊन टेम्पोच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसले. सिक्युरिटीवाले उचलायला आले तर त्यांनाही शिव्या. शेवटी टेम्पो गेला तो त्यांना बाजूला ओढूनच. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली.

मॅनेजरनं दुसरा कागद छापला आणि तो माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. माझं नुकतंच लग्न झालं होतं वगैरे कारणं माझ्याकडे होती. मिस्त्रींना कळलं. नोकरीत होते तोवर माझ्या डब्यातल्या भाजीला त्यांनी हात लावला नाही.

तरीही त्यांनी दुकान टाकल्यावर मी जात राहिलो आणि ते येऊ देत राहिले. शिव्या देत, पण येऊ देत. म्हणूनच आमची रायफल त्यांच्याकडे न्यायची बुद्धी मला झाली. ती झाली नसती तर बरं झालं असतं.

रायफल आमच्या वडिलांची, आबांची. रानडुकरं शेतात उतरायची त्या काळातली, पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली, घेतली तेव्हाच जुनी. ज्या शेताची आबांनी राखण केली, तिथं आता एका कंपनीच्या गाड्या उभ्या राहतात. आबा गेल्यावर परवाना थोरल्या भावाच्या, दादाच्या नावावर झाला. दादाचे जेसीबी आहेत, बंगला आहे, चार पोरं मागेपुढे असतात. दसऱ्याला शस्त्रपूजा करायची, फोटो काढायचा आणि चौकात फ्लेक्स लावायचा, असं त्याच्या मनात आलं. पेटीतून काढली तर रायफल लाल झालेली. मी म्हणालो, माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत.

गाडीत दादानं विचारलं, "आडनाव काय म्हनला त्येचं?"

मी सांगितलं. दादा "अस्सं" म्हणाला आणि त्यानं गाणी लावली. त्या 'अस्सं'वर मी तिथंच काही बोलायला हवं होतं. पण थोरल्या भावापुढं तोंड उघडायची सवय आमच्या घरात नाही.

दुकानात शिरल्या शिरल्या मिस्त्रींनी त्याला नळाखाली उभं केलं. "बेसनानं धुवा."

"आमी काय हळदीला आलोय व्हय, बेसन लावून घ्याया?"

"रायफल तुमची असली तरी टेबल माझं आहे."

दादानं हात धुतले. मिस्त्रींनी परवाना तपासला, नळीच्या मुळाशी ठोकलेला नंबर परवान्याशी ताडून पाहिला. मग पतंगाचा कागद त्या नंबरावर धरून वरून शिसपेन्सिल फिरवली. नंबर जसाच्या तसा कागदावर उठला. तो कागद त्यांनी वहीत चिकटवला आणि शेजारी दादाची सही घेतली. प्रत्येक हत्याराचं हे असं व्हायचं. काम सुरू करण्याआधी नंबराचा ठसा आणि काम देताना 'नंबरासह मिळाली' अशी सही.

मग त्यांनी रायफल दाराशी उजेडात नेली, बराच वेळ उलटीसुलटी केली आणि मला विचारलं, "चाकण, वडील डावखुरे होते का रे?"

मी चाट पडलो. आबा डावखुरे होते. मिस्त्रींनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. गोळी भरायचा खटका उजव्या बाजूला, म्हणून आबा डावा हात वरून ओलांडून तो ओढायचे. वर्षानुवर्षं तळहात घासून नळीमागच्या लोखंडाचा मूळ काळा रंग तेवढ्या जागी उडाला होता आणि आतलं लोखंड पांढरं, गुळगुळीत झालं होतं. सगळीकडे गंज होता, तिथं नव्हता. मी लहानपणापासून ती रायफल बघत होतो, मला कधी दिसलं नव्हतं. दादा मोबाइलवर बोलत होता.

काम तीन आठवडे चाललं. नवव्या हाताला मिस्त्रींनी मला बोलावून घेतलं. नळी तेल लावून, पुसून ठेवली होती. मी इतका सुंदर काळा रंग त्यानंतर बघितला नाही. नंबर वाचायला चष्मा लागू नये इतका स्वच्छ. आणि मागे, तळहाताएवढी ती पांढरी जागा तशीच सोडलेली.

दादा घ्यायला आला आणि बघताच उसळला. "ह्ये काय? कोड फुटल्यागत दिसतंय. आन् बाकी समदं काळंकुट्ट. पूजेला मांडायचीय मिस्त्री, चुलीवरनं उतरवलेली न्हाई."

"तो डाग नाही. तुमच्या वडिलांचा हात आहे तो. त्याच्यावर मी रंग चढवणार नाही."

"बाप आमचा, रायफल आमची. चढवा म्हनतो ना मी."

"मग दुसरीकडे न्या."

दादानं वहीत 'नंबरासह मिळाली' अशी सही केली, कागद फाटेल इतक्या जोरात. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आता ह्यांनी आमाला बाप शिकवायचा." 'ह्यांनी' म्हणजे कुणी, हे मला नीट कळलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दसऱ्याला रायफल पाहिली. ती आरशासारखी चमकत होती. बुलेटचे सायलेन्सर आणि गाड्यांचे बंपर क्रोम करणाऱ्या कुणाकडे तरी दादानं ती परस्पर दिली होती. त्यानं आधी बफच्या चाकावर घासघासून खालचं सगळं सपाट केलं आणि वर क्रोम चढवलं. मिस्त्रींचे नऊ हात गेले, आबांचा हात गेला. पाहुणे म्हणत होते, "चकाचक हाय राव!" मी जवळ जाऊन पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर आणखी काय गेलंय ते तेव्हाच कळलं असतं.

ते कळलं निवडणूक लागल्यावर. निवडणुकीच्या आधी परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. दादा ऐटीत रायफल घेऊन गेला. हवालदारानं ती फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "नंबर कुठाय?" दादा हसला. मग त्यानं स्वतः पाहिलं. नळीच्या मुळाशी आरसा होता, त्यात दादाचं तोंड दिसत होतं. नंबर बफनं खाऊन टाकला होता.

नंबर घालवलेलं हत्यार बाळगणं हा साधा गुन्हा नव्हे. दादाला तिथंच बसवून ठेवलं. त्यात ते बिनपरवाना माणसाकडे दिलेलं. वकील म्हणाला, सरळ तुरुंग आहे. एकच वाट आहे. परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्यानं लिहून दिलं की काम करताना नंबर माझ्या हातून गेला आणि मूळ नंबराची नोंद त्याच्याकडे असली, तर मालकावर काही येत नाही.

दादाचा फोन आला. आवाजात कधी नव्हे ती विनवणी होती. "तुझं ऐकतो तो. सांग त्याला. आईकडं बघून तरी जा." आई दारात बसून रडत होती. मी काळेवाडीला गेलो.

वाटेत मी ठरवत होतो की ते शिव्या देतील, पिंपातलं पाणी अंगावर ओततील, हाकलून देतील. खरं सांगायचं तर तशीच आशा होती. म्हणजे मग घरी येऊन सांगता आलं असतं की मी प्रयत्न केला, म्हातारा ऐकत नाही. मी सगळं सांगितलं. बफ, क्रोम, ठाणं, वकील.

मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "वडिलांचा हात पण गेला?"

"गेला."

ते उठले. मग टेबलाच्या खणातून वही काढून म्हणाले, "काय लिहायचं ते सांग."

"मिस्त्री, तुमचा परवाना जाईल."

"ते मला माहितीय. तू मागायला आलास ना? मग सांग."

आणि मी सांगितलं. ते एकेक शब्द जपून लिहून घेत होते आणि मी हुशारीनं सांगत होतो. रायफल पुन्हा पॉलिशसाठी आली, मालकाच्या सांगण्यावरून मी बफ केली, क्रोमही मीच करवून घेतलं, माझ्या निष्काळजीपणानं नंबर गेला. 'निष्काळजीपणा' हा शब्द मी घातला. टेम्पोच्या चाकाला पाठ लावून बसलेल्या माणसानं तो शब्द लिहिला आणि खाली सही केली. त्या दिवशी त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. मला लाथ घालून बाहेर काढायला हवं होतं. त्यांनी ते केलं नाही, याचा मला त्यांच्यावर राग आहे आणि तो कमी होत नाही. जगातल्या सगळ्यांना नाही म्हणणाऱ्या माणसानं मला तेवढं हो म्हणायचं कारण काय? मी कोण होतो त्यांचा?

दादा सुटला. मिस्त्रींच्या कागदावर आणि पतंगाच्या कागदावरच्या त्या ठशावर सुटला. पुढे रीतसर अर्ज होऊन रायफलीवर नंबर नव्यानं ठोकून मिळाला आणि ती घरी आली. मिस्त्रींची चौकशी झाली, परवाना रद्द झाला. लोकांची हत्यारं ठाण्यात नेऊन ज्याची त्याला परत दिली. अर्धवट हातातल्या दोन बंदुका तशाच तांबड्या गेल्या. दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. मिस्त्री तळेगाव दाभाड्याला मुलीकडे राहतात. माझ्या कंपनीतून दुचाकीवर फार तर पाऊण तास. मी गेलेलो नाही. विचारणाऱ्याला ओव्हरटाइम सांगतो.

दादाही गेलेला नाही. साधा फोन नाही. उलट त्यानं आता एक गोष्ट तयार केली आहे आणि ती तो इतक्यांदा सांगतो की त्याला स्वतःलाही ती खरी वाटत असावी. गेल्या दसऱ्याला पूजा झाल्यावर पंधरा-वीस माणसांत बसून त्यानं ती पुन्हा सांगितली. "येका म्हाताऱ्याकडं दिली हुती राव, त्येनं नंबरच घासून टाकला. आत जायची पाळी आलती माझ्यावर. पन आपन केस न्हाई केली. म्हनलं, जाऊ द्या, गरीब हाय." लोक माना डोलावत होते. कुणीतरी "मोठं मन लागतं भाऊ" असंही म्हणालं. माझी कानशिलं तापली. उठावं आणि सगळ्यांदेखत सांगावं की नंबर ह्यानं घालवला, बापाचा हात ह्यानं घालवला आणि एका माणसाचं उभं आयुष्य आम्ही दोघांनी मिळून घालवलं. शब्द जिभेवर आले होते, हे शपथेवर सांगतो.

तेवढ्यात आमच्या भावकीतले एक म्हातारे माझ्याकडे वळले. "तू तर त्याच्या हाताखाली व्हतास न्हवं? कसा मानूस हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादाही बघत होता. एवढा वेळ जे इथं लिहिलं ते सगळं मला त्या क्षणी माहीत होतं.

"माणूस चांगला," मी म्हणालो. "पण वय झालं होतं हो. हात थरथरायचे."

हे कुणी मला बोलायला सांगितलं नव्हतं. दादाच्या गोष्टीत ते नव्हतं, मी घातलं. दादाला ते आवडलं. आता तो गोष्ट सांगताना तेही सांगतो.